येशूचे दाखले पहिल्यांदा वाचताय? मग हे आधी वाचा

कोल्हापुरात 'दाखला' म्हटलं की डोळ्यांपुढं तहसील कचेरी येते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. आमच्या बायबल अभ्यासगटात नव्यानं आलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, येशूनं दाखले दिले म्हणजे नेमके कसले?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. प्रश्न बरोबर होता, आणि तो मला चाळीस वर्षांत कधी पडला नव्हता.

मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्यानंतर या भागात ज्या मंडळ्या (म्हणजे चर्च) उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एकीत मी वाढलो. शब्बाथ शाळेत फळ्यावर चिकटवलेली कापडी मेंढरं, डुकरं चारणारा मुलगा, गाढवावर आडवा टाकलेला जखमी माणूस, सगळं तोंडपाठ. तोंडपाठ असण्यानंच घात केला. तो कसा, ते पाचव्या पायरीवर येईल. तुम्ही नव्यानं वाचणार असाल, ख्रिस्ती असा नसा, तर माझी वर्षं जिथं वाया गेली तिथं तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

हाताशी काय लागेल

या दाखल्याला रेशनकार्डाची झेरॉक्स लागत नाही. लागतं ते एवढंच:

- मराठी बायबल, शक्यतो दोन भाषांतरांत. एक मंडळीत वाचलं जातं ते जुनं, रूढ. दुसरं सोप्या मराठीतलं. मोबाईलवर दोन्ही सापडतात, पण एक तरी छापील ठेवा. दाखला वाचताना मागचं पान उलटावं लागतं, आणि मोबाईलवर ते हटकून राहून जातं.
- शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल. पेन नको, कारण मत बदलणार आहे.
- बरोबर वाचायला एक माणूस, तुमच्याशी सहमत नसणारा. हा मिळवायला सगळ्यात अवघड.

टीकाग्रंथ, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं, सुरुवातीला नकोत. ते नंतर.

१. आधी शब्दाचा गुंता सोडवा

मूळ ग्रीक शब्द 'पाराबोले'. अर्थ, एका गोष्टीशेजारी दुसरी गोष्ट आणून ठेवणं. त्यामागं हिब्रू 'माशाल' आहे. त्यात म्हण, कोडं, उपमा, टोमणा, गोष्ट सगळंच बसतं. म्हणून दाखले एका मापाचे नाहीत. खमिराचा दाखला एका ओळीत संपतो, दोन मुलांचा दाखला बावीस ओव्या (बायबलमधली क्रमांक दिलेली वचनं) चालतो. एकूण दाखले किती, याची मोजणीही प्रत्येकाची वेगळी, कारण नुसत्या उपमा त्यात धरायच्या की नाहीत यावर एकमत नाही. ढोबळपणे तीस ते चाळीस म्हणा.

ते सापडतात मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत. चौथ्या, योहानात मेंढपाळ आहे, द्राक्षवेल आहे, पण अशा गोष्टी नाहीत. तिथं शोधत बसू नका.

मराठी वाचकाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत आहेत, आंधळ्यांचा आणि हत्तीचा त्यांतलाच. तिथली मांडणी पक्की: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत कुठं लागू करायचा ते. येशूच्या दाखल्यांत बहुतेक वेळा मधलाच भाग हाती येतो. सूत्र ऐकणाऱ्यानं शोधायचं आणि दार्ष्टांतिक त्यानंच व्हायचं. कीर्तनाच्या उत्तररंगाची सवय असलेला माणूस इथं अडखळतो. गोष्ट संपते आणि बुवा खाली उतरून निघून गेलेले असतात.

२. दाखला कसा चालतो ते एकदा पाहून घ्या

यासाठी येशूच्याही मागं जा, जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागात. दुसरे शमुवेल, अध्याय १२. दावीद राजानं उरीयाची बायको बळकावली आणि उरीयाला लढाईत पुढं ढकलून मारवलं. राजाला तोंडावर कोण बोलणार? नाथान संदेष्टा येतो आणि गोष्ट सांगतो. एका गावात एक श्रीमंत, एक गरीब. गरिबाकडं एकच मेंढी, तीही लेकीसारखी वाढवलेली. त्याच्याच ताटातलं खायची, कुशीत निजायची. श्रीमंताकडं पाहुणा आला, तर त्यानं स्वतःच्या कळपाला हात न लावता ती मेंढी उचलून कापली. दावीद भडकतो: असं करणारा मरणालाच लायक! आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस.

आपल्याकडं याला नाव आहेच: लेकी बोले सुने लागे.

ऐकणारा आधी निकाल देऊन बसतो आणि मग कळतं की आरोपीच्या पिंजऱ्यात आपणच उभे आहोत. दाखला गोड बोधकथा आहे असं समजून वाचायला घेतलं, तर हाती काहीच लागत नाही. म्हणून माझा आग्रह: सुरुवात नाथानापासून करा, मग लूकचा १५वा अध्याय, मग लूक १०, मग मत्तय २०. मत्तय १३ मध्ये सात दाखले एका दमात येतात. तिथून सुरुवात केलेली निम्मी माणसं आठवड्यात वही मिटतात.

३. दोन ओव्या मागं जा

दाखल्याच्या वर जो ठळक मथळा असतो, 'उधळ्या पुत्र', 'चांगला शोमरोनी' वगैरे, तो मूळ लेखनात नाही. नंतरच्यांनी सोयीसाठी घातलाय. मथळा वाचला की निकाल आधीच लागतो: धाकटा उधळ्या, विषय संपला. मथळा बोटानं झाका आणि त्या आधीच्या दोन ओव्या वाचा. हे कोणाला सांगितलं?

लूक १५च्या सुरुवातीला जकातदार (रोमसाठी कर वसूल करणारे, म्हणून लोकांच्या मनातून उतरलेले) आणि पापी लोक येशूचं ऐकायला जवळ येतात. परूशी आणि शास्त्री कुरकुरतात की हा असल्यांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसतो. पंगतीचा विटाळ काय असतो हे महाराष्ट्राला सांगायला नको. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि दोन मुलगे या तिन्ही गोष्टी त्या कुरकुरणाऱ्यांना उत्तर म्हणून आल्यात. हे कळलं की तिसऱ्या गोष्टीतला थोरला मुलगा एकदम मोठा होतो. धाकटा वाट्याचं सगळं उधळून परत आलाय, बापानं मेजवानी घातलीय, आणि हा अंगणात उभा राहून कुरकुरतोय. बापाला म्हणतो, "हा तुमचा मुलगा." माझा भाऊ म्हणत नाही. बाप उत्तर देताना शब्द हळूच फिरवतो: "हा तुझा भाऊ." मी ही गोष्ट लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली असेल. हा एका शब्दाचा फेर पहिल्यांदा दिसला तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती.

इथं एक खड्डा. 'परूशी' शब्द दिसला की ढोंगी म्हणून मोकळं होऊ नका. परूशी म्हणजे त्या काळातले नेमानं उपास करणारे, उत्पन्नाचा दहावा भाग देणारे, गावात मान असलेले लोक. आपल्या गल्लीतले सज्जन, निर्व्यसनी, वर्गणीला कायम पुढं असणारे काका डोळ्यांपुढं आणा. खलनायक म्हणून परूशी वाचला तर दाखल्याचा दातच पडतो, वर यहुदी समाजाबद्दल उगाच आकस बसतो तो वेगळाच.

४. गोष्टीत खटकतं काय ते शोधा

माझ्या मते ही सगळ्यात कामाची पायरी. प्रत्येक दाखल्यात कुठंतरी काहीतरी खटकतं. ते गुळगुळीत करू नका, वहीत लिहा.

पेरणाऱ्याचा दाखला घ्या. आमच्या मंडळीत कागलकडचे एक वडील होते. (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या माणसाला आमच्यात 'वडील' म्हणतात, वयाशी संबंध असतोच असं नाही.) त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. सगळी हयात कुरीमागं गेलेली. मी हा दाखला वाचून दाखवला तर म्हणाले, "वाटंवर बी टाकतंय, खडकावर टाकतंय, काट्यात टाकतंय. ह्यो शेतकरी हाय का काय?" मी सांगितलं, तिकडं कुरीनं नव्हे, बी हातानं फोकून पेरायचे. ते म्हणाले, "फोकलं तरी बांध बघून फोकत्यात." बरोबरच आहे. आणि तिथंच गंमत आहे. बी महाग, तरी हा पेरणारा जमीन पाहून हात आखडत नाही. मग पीक येतं तीसपट, साठपट, शंभरपट. आम्ही इतकी वर्षं चार जमिनींवरच बोलत होतो, पेरणाऱ्याच्या हाताकडं पाहिलंच नव्हतं.

मत्तय २० मधला मळेवाला आणखी खटकतो. दिवस उजाडताच मजूर ठरवतो, एक दिनार मजुरी. दिनार म्हणजे तेव्हाचा दिवसाचा रोज. मग नऊ वाजता, बाराला, तीनला आणि पाचला पुन्हा जाऊन उभी असलेली माणसं घेऊन येतो. संध्याकाळी मजुरी वाटताना पाचला आलेल्यांना आधी बोलावतो आणि पूर्ण दिनार देतो. सकाळपासून उन्हात भाजलेल्यांनाही तेवढाच. ऊसतोडीच्या मुकादमानं असं केलं तर टोळी फडातच कोयते टाकून बसेल. गटात हा दाखला वाचला की भांडण ठरलेलं, आणि मी ते होऊ देतो. मग एवढंच विचारतो: पाच वाजेपर्यंत अड्ड्यावर उभ्या माणसाच्या घरी भाकरी किती लोकांना लागते?

काही वेळा खटकणारी गोष्ट आकड्यात लपलेली असते. मत्तय १८ मध्ये एक दास राजाचं दहा हजार तालांत देणं लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. एक दिवस खाडा न करता फेडलं तरी दीड लाखाहून जास्त वर्षं. राजा ते माफ करतो. हा दास बाहेर पडतो आणि शंभर दिनार देणं लागणाऱ्या सोबत्याची मानगूट धरतो. आता शंभर दिनार म्हणजे काही चिल्लर नव्हे, तीन महिन्यांची कमाई आहे. आपल्याकडं भिशीचे एवढे पैसे कोणी बुडवले तर आपणही गळा धरू. आकडे कळले नाहीत तर हा दास नुसता दुष्ट वाटतो. कळले की ओळखीचा वाटतो.

खमिराच्या दाखल्यात बाई तीन मापं पीठ मळते. ते शंभरेक माणसांना पुरेल एवढं असतं. एवढी भाकरी घरात कोण करतं?

५. प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवू नका

आता माझी फजिती. तेविसाव्या वर्षी युवक संघात मला पहिल्यांदा संदेश द्यायला उभं केलं. विषय चांगला शोमरोनी. रात्रभर जागून मी 'गूढार्थ' काढला. लुटलेला माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्ग, लुटारू म्हणजे सैतान, तेल म्हणजे पवित्र आत्मा, उतारशाळा म्हणजे मंडळी, आणि उतारशाळेवाल्याला दिलेली दोन नाणी म्हणजे जुना करार आणि नवा करार. दोन नाण्यांवरच पंधरा मिनिटं गेली. खाली उतरलो तर दोघा-तिघांनी हात मिळवला. आप्पा दारापाशी चपला घालत होते. म्हणाले, "लेका, नाण्यांचं झ्याक सांगितलंस. पर त्यो माणूस अजून रस्त्यावरच पडलाय की."

नंतर कळलं की ही चूक जुनी आणि घरंदाज आहे. पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या बिशपनंही याच दाखल्याची अशीच फोड केली होती. त्याच्याकडं उतारशाळेवाला म्हणजे प्रेषित पौल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ युलिशर या जर्मन अभ्यासकानं या पद्धतीला जोरदार विरोध केला आणि एका दाखल्याचा एकच मुद्दा असतो असं मांडलं. तेही टोकाचंच. पेरणारा आणि निदण (गव्हातलं तण) या दोन दाखल्यांची फोड शुभवर्तमानात खुद्द येशूच्या तोंडी आहे, तीही वस्तुवार. म्हणून नियम नको, कसोटी ठेवा: तुम्ही काढलेला अर्थ पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाला सुचला असता का? नवा करार तेव्हा लिहिलाच गेला नव्हता. माझी दोन नाणी तिथंच खोटी ठरतात.

त्या दाखल्यात पाहायचं ते वेगळंच. यरुशलेमाहून यरीहोला जाणारा रस्ता सत्तावीसेक किलोमीटरचा आणि तेवढ्यात हजारेक मीटर उतार. यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. रात्री गगनबावड्याहून करूळ घाट एकट्यानं उतरलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्या रस्त्यावर अर्धमेला माणूस पडलाय. याजक येतो, बाजूनं जातो. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, येतो, तोही जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, तिसरा आपल्यातला साधा माणूस असणार. येतो शोमरोनी, आणि तोच थांबून जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो. यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर, एकमेकांच्या वाटेला न जाण्याइतकं. आज 'गुड समॅरिटन' हा शब्द इतका सभ्य झालाय की २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं ते याच नावानं, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं. कलम चांगलंच आहे. पण दाखला वाचताना 'शोमरोनी'च्या जागी तुमच्या घरी ज्या माणसांबद्दल जेवताना वाईट बोललं जातं, त्यांचं नाव घाला. कोणतं ते मी सांगणार नाही. आमच्या घरचं मला माहीत आहे.

६. देवाला दाखल्यातल्या पात्राच्या मापानं मोजू नका

लूक १८ मध्ये एक विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी हेलपाटे घालते आणि तो कंटाळून निकाल देतो. म्हणजे देव कंटाळतो का? नाही. एवढा नालायक न्यायाधीशही शेवटी ऐकतो, तर देव किती अधिक ऐकेल, अशी ती चढती मांडणी आहे. हा दाखला कोल्हापूरकरांना लगेच पटतो. चाळीस वर्षं हेलपाटे घातल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या पदरात पडलं. लूक १६ मधला अन्यायी कारभारी मात्र मला अजून पुरता पचलेला नाही. मालक त्या लबाडाची पाठ थोपटतो. वहीत त्या पानावर अजून शिसपेन्सिलीनंच लिहिलंय.

७. मार्कमधलं अवघड वाक्य टाळू नका

दाखले का सांगितले? समजायला सोपं जावं म्हणून, असं आम्हाला शिकवलं होतं. मग मार्क ४ मध्ये येशूच म्हणतो की बाहेरच्यांना सगळं दाखल्यांनी सांगितलं जातं, यासाठी की त्यांनी पाहावं पण त्यांना दिसू नये, ऐकावं पण समजू नये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सरळ पुढं गेलो. तुम्ही थांबा.

हे शब्द जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, अध्याय ६. मार्क 'यासाठी की' म्हणतो. मत्तय १३ मध्ये तोच प्रसंग 'कारण' या शब्दावर फिरतो: ते पाहत असून पाहत नाहीत, म्हणून दाखल्यांनी बोलतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, अभ्यासकही यावर एकमेकांशी भांडतातच. मला स्वतःला वाट सापडली ती मार्क १२ मध्ये. द्राक्षमळ्याच्या दुष्ट खंडकऱ्यांचा दाखला ऐकून मुख्य याजक वगैरे येशूला धरायला पाहतात, कारण हा दाखला आपल्यालाच उद्देशून आहे हे त्यांनी ओळखलेलं असतं. म्हणजे विरोधकांना दाखला समजत नव्हता असं नाही. चांगला समजत होता. सुनेला कळतंच की हे लेकीला नाही. कळून ती काय करते, तिथं आतले आणि बाहेरचे वेगळे होतात. मार्कमध्येच त्याच अध्यायात पुढं आहे: जे लपवलंय ते प्रकट होण्यासाठीच.

८. शेवट आपल्या पदरचा जोडू नका

नव्या वाचकाची ही शेवटची खोड. पुष्कळ दाखले अर्ध्यावर सुटतात. लूक १३ मधलं अंजिराचं झाड तोडू नका, यंदा खणून खत घालतो, असं माळी म्हणतो. पुढच्या वर्षी फळ आलं का? लिहिलेलं नाही. सकाळपासून राबलेले मजूर घरी जाऊन काय म्हणाले? लिहिलेलं नाही. तिथं गोड शेवट लावू नका, वहीत पान कोरं सोडा.

आमच्या गटात एक गृहस्थ यायचे. भावाशी बांधावरून दावा चाललेला, बोलणं कधीच बंद. लूक १५ वाचून झाला. धाकटा परत आलाय, वासरू कापलंय, आत वाजतंय-नाचतंय, थोरला अंगणातच उभा, आणि बाप बाहेर येऊन त्याच्या विनवण्या करतोय. वाचन थांबलं.

"मग आत गेला का थोरला?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं नाही."

"पान उलटा की."

मी उलटलं. सोळावा अध्याय, अन्यायी कारभारी. त्यांनी माझ्या हातातून बायबल घेतलं, पान मागं उलटलं, आणि शेवटच्या ओवीवर बोट ठेवून बसले. चहा आला तरी बोट उचललं नव्हतं.